मलंगगड, सेझान आणि आमची बाल्कनी

निसर्गचित्र काढ म्हटलं की आपल्या हातातून काय निघतं? दोन डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, वळत वळत येणारी नदी, काठावर कौलारू घर, एक नारळाचं झाड आणि आकाशात चार-पाच पक्षी. हे चित्र मी डोंबिवलीत शाळेत असताना किमान पन्नास वेळा काढलं असेल. गंमत म्हणजे आमच्या वर्गातल्या एकाही पोराने नदीकाठचं कौलारू घर रोज पाहिलेलं नव्हतं. सगळे ब्लॉकमध्ये राहणारे, नदी म्हणजे खाडी, आणि सूर्य समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागून उगवायचा.

इंटरमिजिएटच्या परीक्षेआधी बाबा एकदा वैतागून म्हणाले, "अरे, गॅलरीत जा आणि दिसतंय ते काढ की!" आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून तेव्हा मलंगगड दिसायचा. पावसाळ्यात ढग उठले की त्याचा सुळका धुऊन काढल्यासारखा स्वच्छ व्हायचा. मी बसलो काढायला. पण मलंगगडाच्या आधी दोन अँटेना, एक वाळत घातलेली चादर, अर्धवट बांधलेली इमारत, विजेच्या तारा आणि मग कुठेतरी डोंगर. हे सगळं कागदावर कसं मावायचं? शेवटी मी मधलं सगळं गाळलं आणि फक्त डोंगर काढला. बाबा म्हणाले, "छान आहे, पण हे आपल्याकडचं वाटत नाही."

परीक्षेत सी ग्रेड मिळाली. काही वर्षांनी ती अर्धवट इमारत पूर्ण झाली, मलंगगड तिच्यामागे गेला आणि विषय संपला.

म्हणजे मला वाटलं की संपला.

डिसेंबर २०१९ मधल्या एका रविवारी मी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलो होतो. काळा घोड्याजवळ, १९११ साली बांधलेल्या कावसजी जहांगीर सभागृहाच्या पोटात हे संग्रहालय आहे, जिने चढत चढत घुमटापर्यंत जायचं. तिथे सुधीर पटवर्धन यांच्या साडेचार दशकांच्या कामाचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' नावाचं, नॅन्सी अडजानिया यांनी मांडलेलं. आयटीतल्या माणसाचा चित्रकलेशी जेवढा संबंध असतो तेवढाच माझा. एक मित्र म्हणाला होता, "जा रे, ठाण्याचे आहेत, आणि डॉक्टर आहेत." ठाणे म्हटल्यावर गेलो.

आणि तिथे एकेका चित्रासमोर थबकलो. रेल्वेचा पूल, नाला, झोपड्या, त्यामागे चार मजली इमारती, त्यामागे टेकडी, आणि रस्त्यावर आपापल्या कामाला निघालेली माणसं. मनात पहिलं आलं ते हे की अरे, हे तर आपल्याकडचं आहे! दुसरा विचार इंजिनिअरचा: यात काहीतरी 'चुकलंय'. रस्ता वरून पाहिल्यासारखा, इमारत समोरून पाहिल्यासारखी. लांबचं नीट लांब जात नाही, उलट वर चढून पुढे येतं. आणि तरीही चित्र खोटं वाटत नाही. मी शाळेत अडकलो होतो तो प्रश्न या माणसाने कसा सोडवला?

मग पुढचे काही शनिवार-रविवार वाचण्यात गेले. जे हाती लागलं ते इथे सांगतो. सुरुवात मात्र ठाण्यापासून फार लांब, फ्रान्सच्या दक्षिणेला करावी लागेल.

एक्स नावाच्या गावी पॉल सेझान (१८३९ ते १९०६) नावाचा एक हट्टी चित्रकार होता. गावाबाहेर एक डोंगर, माँ सँत-व्हिक्तॉर. सेझानने तो तीसहून अधिक तैलचित्रांत रंगवला, जलरंगातली चित्रं वेगळीच. मला आवडलेली गोष्ट ही, की १८७८ साली तो आगगाडीतून जाताना या डोंगराकडे पाहून खूश झाला आणि आपला मित्र, कादंबरीकार एमिल झोला याला पत्रात तसं कळवलं. रेल्वे तेव्हा तिथे नवीनच होती. पुढे त्याच्या काही चित्रांत डोंगराच्या पायथ्याशी रेल्वेचा कमानींचा पूलही आला. आधुनिक चित्रकलेतला सर्वांत गाजलेला डोंगर लोकलच्या खिडकीतूनही पाहिला गेला होता, असं म्हणायला हरकत नाही :-)

सेझानने काय केलं? त्याच्या आधीच्या काही शतकांत युरोपातल्या चित्रांचा एक पक्का नियम होता: चित्रकार एका जागी उभा आहे, त्याचा डोळा हलत नाही, आणि सगळ्या रेषा लांब एका बिंदूत मिळतात. कॅमेराही तेच करतो. पण आपण असं बघतच नाही. आपण मान वळवतो, खाली बघतो, पुन्हा वर बघतो, दोन पावलं सरकतो. सेझान हे सगळं एकाच कॅनव्हासवर ठेवायला लागला. झाड, घर, शेत, डोंगर यांचे त्याने रंगांचे छोटे छोटे तुकडे केले, एकमेकांना टेकवून रचलेले, विटांसारखे. जवळून पाहिलं तर नुसते हिरवे-निळे-पिवळे पट्टे, चार पावलं मागे गेलं तर डोंगर. चित्र एकाच वेळी निसर्गही आहे आणि नुसती रचनाही आहे. यातूनच पुढे पिकासो आणि ब्राक यांचा क्यूबिझम निघाला. ऑक्टोबर १९०६ मध्ये उघड्यावर चित्र काढताना सेझान पावसात सापडला, कोसळला आणि काही दिवसांत वारला.

आता मुंबई. १९४३ पासून एक तरुण जे. जे. स्कूलच्या निमित्ताने इथे राहात होता: सय्यद हैदर रझा, जन्म १९२२, शिक्षण आधी नागपूरच्या कलाशाळेत. मुंबईचे पावसातले रस्ते तो जलरंगात असे काढायचा की बघणाऱ्याने छत्री उघडावी. डिसेंबर १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे या सहा जणांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप जमला. १९४८ मध्ये रझा काश्मीरला गेला आणि तिथे त्याला प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला. त्याने रझाची चित्रं पाहिली आणि सांगितलं की तुझ्यात गुण आहे, पण चित्रांना बांधणी नाही, सेझानचा अभ्यास कर. रझाने हे इतकं मनावर घेतलं की मुंबईत येऊन फ्रेंच शिकला, शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० मध्ये पॅरिसला गेला. कोडवर कुणी असा रिव्ह्यू दिला तर आपण दोन दिवस तोंड फुगवून बसतो!

या सहा जणांपैकी हरी अंबादास गाडे यांचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. १९१७ चा जन्म, अमरावती जिल्ह्यातले, विज्ञानाचे पदवीधर आणि पेशाने शिक्षक. ते मुख्यतः निसर्गचित्रंच काढत. पण त्यांच्या चित्रांत घरं आणि डोंगर हळूहळू रंगांचे चौकोन-त्रिकोण होत गेले, आणि पुढे पुढे तर जागा कुठली हे विचारण्यातही अर्थ उरला नाही. बहुधा विज्ञान शिकलेल्या माणसाला ती वाट सोपी वाटत असावी.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ही वाट आणखी लांब गेली. रझाच्या चित्रांतली खेडी वितळून नुसत्या मातीचा, जंगलाचा, रात्रीचा रंग उरला आणि शेवटी बिंदू आला. अकबर पदमसींनी १९७० पासून 'मेटास्केप' काढले. शाकुंतलाच्या नांदीतला सूर्य, चंद्र, पाणी, पृथ्वी हा विचार त्यामागे होता. त्यांच्या चित्रांतले डोंगर पृथ्वीवर कुठेच नाहीत. वासुदेव गायतोंडे तर आपल्या चित्रांना अमूर्तसुद्धा म्हणू देत नसत. त्यात वस्तूच नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. तरी लोकांना त्यात समुद्र आणि क्षितिज दिसतच राहिलं.

इथे जरा थांबतो. अ‍ॅब्स्ट्रॅक्शन हा शब्द आपल्या धंद्यात रोजचा. कोड लिहिताना आपण ठरवतो की वापरणाऱ्याला काय दिसू द्यायचं आणि काय आत झाकून ठेवायचं. त्याशिवाय मोठी सिस्टीम उभीच राहात नाही. पण अनुभवाने कळतं की झाकलेलं नाहीसं होत नाही. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडतं तेव्हा नेमकं तेच वर येतं. चित्रकारही हेच ठरवत असतो: काय गाळायचं? रझाने माणसं गाळली. गायतोंड्यांनी देखावाच गाळला. यात चूक काही नाही, त्यातून थोर चित्रं झाली. प्रश्न एवढाच की जो माणूस देखाव्याच्या मधोमध राहतो, त्याचं काय?

हा प्रश्न ठाण्यात येऊन बसला.

सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. १९७२ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. चित्रकलेची पदवी नाही. १९७३ मध्ये मुंबईत आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. म्हणजे दिवसा एक्स-रे आणि उरलेल्या वेळात चित्रं. (वीकेंडला लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी यापासून काहीतरी शिकायला हरकत नाही.) तरुणपणी डाव्या विचारांचा प्रभाव होता, त्यामुळे सुरुवातीच्या चित्रांत माणूस, आणि तोही कष्टकरी माणूस, अगदी चित्रभर. १९७७ चं 'इराणी रेस्टॉरंट', १९८० चं 'ट्रेन'. १९८१ मध्ये भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी यांच्याबरोबर त्यांनी एक प्रदर्शन केलं. त्याचं नावच 'प्लेस फॉर पीपल', म्हणजे माणसांसाठी जागा.

आणि मग १९८४ चं 'टाऊन', १९८५ चं 'नल्ला'. आता चित्रकार मागे सरकला, उंचावर गेला, आणि शहर देखावा म्हणून आत आलं. शहर कुठलं? ठाणं म्हणजे ज्या गावापर्यंत १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी आली. १९६२ मध्ये एमआयडीसी झाली तेव्हा वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. कारखाने आले, कामगार आले, त्यांच्यासाठी चाळी आणि झोपड्या, मग ऑक्टोबर १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढच्या वर्षी कल्याण-डोंबिवलीची. २००१ मध्ये पटवर्धनांनी उल्हासनगर रंगवलं: कल्याणजवळची लष्करी छावणी, जिथे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं आणि १९४९ मध्ये जिला उल्हासनगर नाव मिळालं. या गावांचं निसर्गचित्र कोण काढणार? शाळेतल्या पोरांना विचारलं तर तेही कौलारू घर काढतील.

पटवर्धनांच्या हातात हत्यार सेझानचंच होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलेलं नाही. तीच पृष्ठभागांची रचना, तेच एका चित्रात अनेक ठिकाणांहून पाहणं. पण सेझानच्या वाटेने पुढे गेलेल्या अनेकांनी माणूस सोडला, आणि यांनी तो सोडला नाही. इमारतींचे चौकोन आणि टेकडीचे उतार चित्राच्या बांधणीसाठी वाटेल तसे वाकवले, पण पुलावरून जाणारा माणूस पिशवीसकट, थकव्यासकट तिथेच राहिला.

यावर माझी एक थिअरी आहे. एक्स-रे म्हणजे सावली. पुढची बरगडी आणि मागची बरगडी फिल्मवर एकमेकींवर पडतात, त्यामुळे एखादा डाग पुढे आहे की मागे, हे एका फिल्मवरून नीट सांगता येत नाही. म्हणून समोरून एक आणि बाजूने एक अशा दोन फिल्म काढतात आणि डॉक्टर त्या दोन मनात जोडून शरीर उभं करतो. तीस वर्षं रोज हे करणाऱ्याला एका जागी उभं राहून पाहिलेलं शहर पुरं वाटणारच नाही. हा अर्थात माझा तर्क, त्यांचं म्हणणं नव्हे. पण त्या प्रदर्शनात उभा असताना मला ते रस्ते 'चुकलेले' का वाटले आणि तरी खरे का वाटले, याचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं.

असो. आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

काही वर्षांपूर्वी आम्ही ठाण्यात पोखरण रोडच्या बाजूला फ्लॅट घेतला. चौदावा मजला. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये एक अख्खं पान येऊरच्या डोंगराचं होतं: हिरवा डोंगर, निळं आकाश, बाल्कनीत कॉफी पिणारी बाई. 'हिल व्ह्यू'चे प्रत्येक चौरस फुटामागे वेगळे पैसे होते आणि ते मी हप्त्यांत आजही भरतोय. त्या पानावर मधलं काहीच नव्हतं. येऊरच्या जंगलातले आदिवासी पाडे नव्हते, खालचा रस्ता नव्हता, शेजारच्या जुन्या चाळी नव्हत्या. म्हणजे मी इंटरमिजिएटला जे चित्र काढलं होतं, अगदी तेच. फक्त मला सी ग्रेड मिळाली होती, बिल्डरला माझे सगळे पैसे मिळाले.

बाबा पहिल्यांदा राहायला आले तेव्हा मी त्यांना कौतुकाने बाल्कनीत नेलं. पाऊस नुकताच थांबला होता, डोंगरावरून ढग उठत होते. बाबांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, "छान आहे." मग आत आले, चहा घेतला, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या मागच्या ड्राय बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, तिकडे काही नाहीये बघण्यासारखं." ते खाली बघत होते. मागे एक जुनी तीन मजली इमारत आहे, कारखान्यांच्या काळातली असावी. तिच्या सगळ्या गॅलऱ्या आमच्या बाजूला तोंड करून. बाबा म्हणाले, "यांना आधी डोंगर दिसत असणार, नाही?"

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार? डोंबिवलीत आमचा मलंगगड ज्या इमारतीने घेतला, तिला मी लहानपणी मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या होत्या. तिथेही कुणीतरी हप्ते भरूनच राहायला आलं असेल, गॅलरीत उभं राहून "छान आहे" म्हणालं असेल.

रणजित होस्कोटे यांनी पटवर्धनांवर २००४ मध्ये एक पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'द कॉम्प्लिसिट ऑब्झर्व्हर'. मराठीत काय म्हणायचं? 'सामील बघ्या', बहुतेक. जो नुसता बघत नाही, जे घडतंय त्यात त्याचाही हात आहे आणि हे त्याला माहीत आहे. तीन वर्षांनी पुन्हा त्या चित्रांच्या पुस्तकातल्या छपाया बघताना मला जाणवलं की तो उंचावरचा डोळा, जो शहराकडे वरून बघतो, तो हवेत नाही. तो कुठल्यातरी मजल्यावर उभा आहे. तिथून बघायला आधी तो मजला बांधावा लागतो.

यावर उपाय काय? माझ्याकडे नाही. फ्लॅट मी विकणार नाही, खोटं कशाला बोला. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहरात १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांवर माणसं होती. ती राहणार कुठे? कुणीतरी कुणाच्या तरी डोंगरापुढे राहणारच. पण ब्रोशरचं चित्र आणि पटवर्धनांचं चित्र यात फरक आहे, आणि तो मला आता कळतो. दोघंही बरंच काही गाळतात. पहिलं गाळतं ते विकता यावं म्हणून. दुसरं गाळतं ते जे उरतं ते नीट दिसावं म्हणून, आणि उरलेल्यात माणूस असतो. २००८-०९ मध्ये पटवर्धनांनी 'विस्तारणारी क्षितिजे' नावाने आधुनिक भारतीय चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या मुंबईबाहेरच्या शहरांत फिरवलं होतं. ते इतकी धडपड का करत असावेत, हेही थोडं समजतं. बघणं शिकवावं लागतं, कुणी सांगितल्याशिवाय आपण मागच्या बाल्कनीत जात नाही.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत डोंबिवलीहून फास्ट गाडी पकडली की ती पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ चा हा बोगदा, एक किलोमीटरहून लांब. अंधार, मग एकदम कळवा. स्लो गाडी मात्र मुंब्र्याला वळसा घालून डोंगर आणि खाडी यांच्या मधून जायची. एका खिडकीत खडी काढून पोखरलेला डोंगर आणि त्याला चिकटलेली घरं, दुसऱ्या खिडकीत खाडी. मी चार वर्षं सात मिनिटं वाचवायला फास्टने गेलो. आता कधी डोंबिवलीला जायचं झालं आणि घाई नसली की मुद्दाम स्लोने जातो, दारात उभा राहतो.

मागच्या महिन्यात बाबांकडे गेलो होतो. माळ्यावरच्या ट्रंकेत माझं ते सी ग्रेडचं चित्र सापडलं. आईने जपून ठेवलेलं. फक्त मलंगगड, खाली कोरा कागद. बाबा चष्मा लावून बघत म्हणाले, "खाली जागा आहे की अजून."

घरी येऊन पेन्सिल घेतली. आधी चादर काढली, मग अँटेना. इमारत अजून जमत नाहीये.